संताच्या सणाला सात मिनिटांचं चरित्र सांगायचं असेल तर

नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, संध्याकाळी किंवा सणाच्या मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) कुणा प्रापंचिकाला, धर्मगुरू नसलेल्या माणसाला, संताविषयी बोलायला सांगायची पद्धत आता बऱ्याच धर्मग्रामांत (चर्चच्या परिसरांत) आहे. पद्धत चांगली आहे. तयारी मात्र अनेकदा आदल्या रात्री होते. मोबाईलवर सापडलेला मजकूर घाईत मराठीत उतरतो आणि माइकवरून जन्मसाल, गाव, चार चमत्कार, मृत्यू अशी यादी वाचून होते. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातलं काहीच उरत नाही. हेच काम आठ दिवस आधी हाती घेतलं, तर सात मिनिटांत एक माणूस उभा करता येतो.

आधी ऐकणारे कोण, ते पाहा. नाशिकमध्ये ‘संत’ म्हटलं की पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीकडे निघालेल्या दिंड्या डोळ्यांसमोर येतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या सणाला फेब्रुवारीत वसई-मुंबईची कुटुंबं येतात, तसे ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येनं येतात. यांच्या कानांना संतचरित्र नवं नाही. महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये पूर्ण केला. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापलं गेलं होतं. म्हणजे ख्रिस्ती कथा मराठीत सांगायला आपल्याला शब्द उसने आणावे लागत नाहीत. एक वाक्य मात्र सुरुवातीलाच स्वच्छ म्हणावं: आराधना फक्त देवाची, संतांना मान, आणि त्यांच्याकडे मागायची ती मध्यस्थी. हे नीट सांगितलं की शेजारच्या बाकावरच्या पाहुण्याचा गोंधळ होत नाही, आणि आपल्या मुलांचाही.

तारीख म्हणजे पुण्यतिथी

पहिली चूक तारखेत होते. संताचा सण हा बहुतेक वेळा त्याचा मृत्युदिन असतो, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला असं ख्रिस्तसभा मानते. मराठी माणसाला हे एका शब्दात कळतं: सण म्हणजे जयंती नव्हे, पुण्यतिथी. ‘आज संत फ्रान्सिस झेवियर यांचा वाढदिवस’ असं ३ डिसेंबरला म्हणणारे भेटतात. त्या दिवशी १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर त्यांचं निधन झालं. ते गोव्यात वारले असं सांगणारेही पुष्कळ. गोव्यात त्यांचा देह आला तो १५५४ मध्ये.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते तपासावेच लागतात. योहान बाप्तिस्ताचा २४ जूनचा सण जन्माचा आहे, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरचाही. लिझ्यूच्या संत तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी वारल्या, पण तो दिवस आधीच संत जेरोम यांचा असल्यानं त्यांचा सण १ ऑक्टोबरला असतो. आविलाच्या संत तेरेजांची गोष्ट आणखी वेगळी. त्या ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री गेल्या. त्याच रात्री जुनी दिनदर्शिका संपली आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. मधले दहा दिवस गाळले गेले, म्हणून त्यांचा सण १५ तारखेला. ही गोष्ट मुलांना फार आवडते.

सण रविवारी आला तर साधं स्मरण, म्हणजे खालच्या दर्जाचा सण, त्या वर्षी गळतं आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातही मागे पडतं. तेव्हा दिवस ठरवण्याआधी त्या वर्षीची उपासना-दिनदर्शिका उघडा आणि फादरांना विचारा. छापलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबू नका.

नेमका कोणता संत

नाव सारखं आणि माणूस वेगळा, यात भलेभले फसतात. अंतोनी दोन: इजिप्तच्या वाळवंटातले मठवासीयांचे आद्य गुरू, सण १७ जानेवारी, आणि पदुआचे, सण १३ जून. पदुआचे अंतोनी जन्मले लिस्बनमध्ये, १२३१ मध्ये वारले, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० मे १२३२ रोजी, संत जाहीर झाले. फ्रान्सिस निदान तीन: असिसीचे, झेवियर, आणि सालेसचे. तेरेजा आविलाच्या, लिझ्यूच्या आणि कोलकात्याच्या. कॅथरिन अलेक्झांड्रियाच्या आणि सिएनाच्या. टिपण सुरू करताना कागदाच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, गाव, मृत्यूचं साल, सणाची तारीख. फोटो छापणार असाल तर तोही या चारांशी ताडून पाहा. लहान बाळाला हातावर घेतलेले पदुआचे अंतोनी आणि दाढीवाले, काठी टेकलेले इजिप्तचे अंतोनी यांची चित्रं बॅनरवर सहज अदलाबदल होतात.

चाळणी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मिळालेली प्रत्येक माहिती तीनपैकी एका ढिगात टाकायची. पहिल्या ढिगात संताच्या हातचं लिखाण, पत्रं, खटल्याचे कागद. लिझ्यूच्या तेरेजांच्या वह्या आहेत, झेवियरांची पत्रं आहेत, जोन ऑफ आर्कच्या १४३१ च्या खटल्याची नोंद आहे. कार्थेजच्या पर्पेतुआ २०३ मध्ये मारल्या गेल्या, आणि तुरुंगात त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर आजही वाचता येतो. दुसऱ्या ढिगात ओळखणाऱ्या माणसांनी लिहिलेलं: ऑगस्टिन यांच्याविषयी त्यांचे सहकारी पोसिदियस यांनी लिहिलं, असिसीच्या फ्रान्सिस यांचं पहिलं चरित्र चेलानोच्या थॉमस यांनी संत मेल्यानंतर दोन-तीन वर्षांत लिहिलं. तिसऱ्या ढिगात शे-दोनशे वर्षांनी किंवा त्याहून उशिरा जमलेल्या आख्यायिका.

सेबास्टियन यांचंच उदाहरण घ्या, कारण २० जानेवारीचा त्यांचा सण वसईकडच्या मंडळींना घरचा असतो. जुन्या रोमन नोंदीत एवढंच पक्कं आहे की हा हुतात्मा २० जानेवारीला रोमच्या आप्पियन मार्गावरच्या भूमिगत दफनभूमीत पुरला गेला. ती यादी ३५४ सालची. संत अँब्रोज सांगतात की ते मूळचे मिलानचे होते. सैनिक असणं, बाण, आयरीन नावाच्या विधवेनं केलेली शुश्रूषा, हे सगळं पाचव्या शतकातल्या कथेतून येतं. आणि त्या कथेतही ते बाणांनी मरत नाहीत! बरे होऊन पुन्हा सम्राटासमोर उभे राहतात, त्याला सुनावतात, आणि मग दांडक्यांनी मारले जातात. चित्रात बाण दिसतात म्हणून ‘बाणांनी मारले’ असं सांगितलं जातं, आणि कथेतला सर्वांत धाडसाचा भाग, बरं झाल्यावर परत जाणं, हातचा निसटतो.

आख्यायिका टाकून द्या असं कुणीच म्हणत नाही. शतकानुशतकं लोकांनी तिच्यावर प्रार्थना केली आहे. फक्त ती सांगताना ‘परंपरा सांगते’, ‘अशी कथा आहे’ असं म्हणा, आणि पहिल्या ढिगातलं सांगताना ‘त्यांनी लिहिलं’ म्हणा. जॉर्ज यांच्या कथेत ड्रॅगन हुतात्म्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी आला. तो सांगायचा तर आख्यायिका म्हणूनच. ही चाळणी बाहेरच्यांनी लादलेली नाही. १७ व्या शतकात बोलंडिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी अँटवर्पमध्ये नेमकं हेच काम श्रद्धेनं सुरू केलं, आणि त्यांचे पहिले खंड १६४३ मध्ये निघाले.

संतपद कधी मिळालं, हा प्रश्न

बारीकसा, पण फसवणारा मुद्दा. पहिल्या सुमारे हजार वर्षांत लोकांची भक्ती आणि स्थानिक बिशपांची मान्यता यांवरच कुणी संत मानला जाई. पोपनी संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ ची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांची. १२३४ मध्ये नववे ग्रेगरी यांनी हा अधिकार पोपकडे राखला, १५८८ मध्ये त्यासाठी रोममध्ये स्वतंत्र खातं झालं, आणि सध्याची पद्धत जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये घालून दिली. म्हणून सेबास्टियन, लॉरेन्स, अग्नेस यांना ‘संतपद कोणत्या साली मिळालं’ ते शोधत बसू नका. असं साल नाहीच.

नव्या संतांच्या बाबतीत मात्र पायरी चुकवू नका. देवाचे सेवक, पूजनीय, धन्य, संत, हा क्रम आहे. सिस्टर राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. त्यांना भाषणात ‘संत’ म्हटलं तर ते कितीही प्रेमानं असलं तरी चूक आहे. उलट कार्लो अकुतिस यांच्यावरच्या थोड्या जुन्या पत्रकात ‘धन्य’ असतं, पण ७ सप्टेंबर २०२५ पासून ते संत आहेत. पुस्तक कधी छापलं आहे ते पाहिल्याशिवाय पायरी लिहू नये.

आणखी एक अफवा दरवर्षी येते: ‘ख्रिस्तोफरना संतपदावरून काढलं.’ १९६९ मध्ये सार्वत्रिक दिनदर्शिका आखडली, तिच्यातून त्यांचं नाव गेलं. हुतात्म्यांच्या अधिकृत यादीत ते २५ जुलैला आजही आहेत.

लिहायला बसताना

सावकाश आणि माइकवरून वाचताना मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. सात मिनिटं म्हणजे ७००, त्याहून एकही नको. त्यातले निम्मे शब्द एकाच प्रसंगाला द्या. हा सगळ्या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. चरित्र पूर्ण सांगायचा मोह आवरला नाही की शेवटी काहीच सांगून होत नाही.

गोन्सालो गार्सिया घेऊन पाहू. वसईचे, भारतात जन्मलेल्यांपैकी संतपद मिळालेले पहिले. त्यांचा दिवस बाळ येशूच्या सणाच्या आसपासच येतो. ते गेले ५ फेब्रुवारीला, पण ती तारीख संत अगाथा यांची असल्यानं सार्वत्रिक दिनदर्शिकेत नागासाकीच्या हुतात्म्यांचं स्मरण ६ तारखेला आहे.

जमलेली माहिती अशी: सुमारे १५५६-५७ मध्ये वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांकडे शिक्षण, त्यांच्याबरोबर जपानला, तिथं धर्मशिक्षक. जपानी भाषा उत्तम आली. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, मग व्यापार. मनिलामध्ये फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिस यांच्या संघातले, बंधू झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुन्हा जपान, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात. १५९६ च्या डिसेंबरात अटक. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जण क्रूसावर. १६२७ मध्ये धन्य, ८ जून १८६२ रोजी संत.

यातून भाषण कसं निघेल? जन्मापासून सुरुवात केली तर वसई, शाळा, बोट यांतच दोन मिनिटं जातात. त्याऐवजी पहिलं वाक्य नाकारण्यावर ठेवा: ज्या संघात जायचं होतं त्यानं या तरुणाला घेतलं नाही. ऐकणाऱ्यांत नोकरी नाकारलेला, स्थळ नाकारलेली, सेमिनरीतून परत आलेला कुणी असतोच, त्याची मान लगेच वर होते. तिथून मागे वसईला चार-पाच वाक्यांत जाऊन यायचं, पुढे मनिला. मधला भाग दुभाष्याच्या कामाला द्या. दुसऱ्याचं म्हणणं दरबारात न बदलता पोचवणं ही जोखीम मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. उरलेले साडेतीनशे शब्द त्या हिवाळी वाटचालीला आणि टेकडीला. सोबत्यांची नावं सगळी नकोत. एकच सांगा: त्या २६ जणांत सर्वांत लहान लुईस होता, बारा वर्षांचा.

इथं एक चूक नेहमी होते. क्रूस म्हटलं की खिळे आपोआप जिभेवर येतात. नागासाकीला त्यांना दोर आणि लोखंडी कड्यांनी क्रूसाला बांधलं होतं, आणि भाल्यांनी भोसकून मारलं. येशूच्या दुःखसहनाचं चित्र संताच्या मरणावर नकळत चढवलं जातं. मन लावून बोलणाऱ्याकडूनच ही चूक जास्त होते. दुसरी चूक जपानी लोकांना सरसकट खलनायक करण्याची. त्या २६ जणांतले बहुसंख्य जपानीच होते. मारणारे आणि मरणारे एकाच देशाचे, हे न सांगता पुढे जाणं म्हणजे अर्ध्याहून अधिक हुतात्म्यांना पुसून टाकणं आहे.

शेवट संतपदाच्या तारखेवर करू नका. तारखा दुसऱ्या मिनिटात उरकून घ्या. शेवटचं वाक्य प्रसंगातलंच असू द्या आणि तिथून सरळ प्रार्थनेला जा.

शेतकऱ्यांपुढे बोलायचं असेल तर

दिंडोरी, निफाडकडच्या मंडळींसाठी दोन संत हाताशी ठेवावेत. सारागोसाचे व्हिन्सेंट, ३०४ च्या सुमाराला छळात मारले गेलेले डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे चर्चसेवक), द्राक्षबागायतदारांचे आश्रयदाते, सण २२ जानेवारी. फ्रान्समध्ये त्या दिवसांत वेली उघड्या असतात आणि छाटणी चालते. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीच्या बागा तेव्हा भरात असतात, कुठे तोड सुरू झालेली असते. हा फरक बोलून दाखवा. तिकडचं वर्णन तसंच उचललं तर बागाईतदार मनात म्हणतो, याला बाग माहीत नाही, आणि पुढचं ऐकत नाही.

दुसरे माद्रिदचे इसिद्रो, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे सालदार, बायको मारिया हीसुद्धा पुण्यशील म्हणून गौरवलेली. सण १५ मे, म्हणजे आपल्या नांगरटीचे दिवस. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस लोयोला, झेवियर, आविलाच्या तेरेजा आणि फिलिप नेरी यांच्या रांगेत हा अक्षरशून्य शेतकरी संत जाहीर झाला. आख्यायिका सांगते की ते प्रार्थनेला गेले की देवदूत नांगर हाकत. जनाबाईबरोबर विठोबा दळू लागला, हे ऐकत वाढलेल्या माणसाला या कथेची जात ताबडतोब उमगते. ती आख्यायिका म्हणूनच सांगा, पण चोरून सांगू नका, मोकळेपणानं सांगा. फक्त दोन्ही कथा एकच असल्यासारखं बोलू नये. दोन्ही परंपरांचा मान त्यातच राहतो.

पेठ, सुरगाण्याकडे कोकणा किंवा वारली बोलणारे श्रोते असतील तर सात मिनिटांचं भाषण पाचावर आणा, जोडाक्षरांचे जड शब्द काढा आणि गावातल्या धर्मशिक्षण देणाऱ्या एखाद्या प्रचारकाला आदल्या दिवशी वाचून दाखवा. ‘हुतात्मा’ न समजल्यास ‘विश्वासासाठी जीव दिलेला’ म्हणा.

कागद आणि माइक

कागदाच्या एकाच बाजूला, १६ ते १८ आकाराच्या अक्षरात छापा. पान उलटताना वाक्य तुटता कामा नये. वाक्य पुढं गेलं तर सगळं वाक्यच पुढच्या पानावर न्या. सालं आकड्यांत लिहू नका, अक्षरांत लिहा: ‘पंधराशे सत्त्याण्णव’, ‘अठराशे बासष्ट’. मराठी अंक माइकसमोर हमखास अडखळवतात, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची अदलाबदल होते. परकी नावं आधी मोठ्यानं पंधरा-वीस वेळा म्हणा आणि पूर्ण भाषणात एकच रूप ठेवा. एकदा ‘इग्नेशियस’ आणि पुढे ‘इनास’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला दोन माणसं वाटतात. जुन्या देशाच्या नावापुढे आजचं नाव जोडा.

माइक तोंडापासून वीतभर. नाव उच्चारलं की एक श्वास थांबा, कारण उघड्यावरच्या स्पीकरचा आवाज मागच्या रांगेला उशिरा पोचतो. घड्याळ लावून दोनदा वाचा: एकदा घरी, एकदा रिकाम्या चर्चमध्ये. चर्चमध्ये अर्धा ते एक मिनिट जास्त लागतं, तेवढे शब्द कापा. कापताना विशेषणं आधी जाऊ द्या, ‘महान’, ‘थोर’, ‘अलौकिक’. प्रसंगाला हात लावू नका.

भाषण झाल्यावर कागदाच्या मागे लिहा: कोणती माहिती कोणत्या ढिगातली, कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावरची, कोणत्या साली सांगितली. मग तो कागद चर्चच्या कार्यालयात एका फाईलला लावा. संतांचे सण दरवर्षी येतात, आणि पुढच्या वर्षी ज्याच्यावर पाळी येईल त्याला चाळणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागणार नाही.